दोन प्रोव्हायडर असूनही काम बंद: ग्लोबल वॅनमधला फेलओव्हर कुठे फसतो

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "दोन-दोन लिंकचे पैसे भरतो, मग काम बंद पडलंच कसं?" वॅन म्हणजे वेगवेगळ्या शहरांतली, देशांतली ऑफिसं जोडणारं जाळं, आणि फेलओव्हर म्हणजे एक लिंक पडली की वाहतूक आपोआप दुसरीवर जाणं. समजा ऑफिस पुण्यात, डेटा सेंटर फ्रँकफर्टला, आशियाचा हब सिंगापूरला. पुण्यात एका प्रोव्हायडरची एमपीएलएस (त्याच्या जाळ्यातली खासगी लिंक), दुसऱ्याची इंटरनेट लिंक आणि तिच्यावर आयपीसेक टनेल (कूटबद्ध बोगदा). कागदावर सगळं दुहेरी. तरी दोन-तीन महिन्यांतून एकदा ईआरपी (कंपनीच्या कामकाजाचं सॉफ्टवेअर) लटकतं, कॉल तुटतात आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरळीत होतं. "लिंक पूर्ववत" असा शेरा मारून तिकीट बंद होतं, आणि पुढच्या खेपेला तेच तिकीट नव्या नंबरने उघडतं.

लक्षण एकच असलं तरी मुळं चार-पाच वेगवेगळी असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. बीजीपीचे (राउटर एकमेकांना वाटा सांगतात त्या प्रोटोकॉलचे) टायमर कमी केल्याने एकाच चरात टाकलेल्या दोन केबली वेगळ्या होत नाहीत. म्हणून आधी मूळ ठरवा, मग राउटरला हात लावा.

पहिली पंधरा मिनिटं

दोन्ही लिंकचे पॅकेट लॉस आणि आरटीटीचे (पॅकेटला जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेचे) आलेख एकाखाली एक लावा, वेळ यूटीसीमध्ये ठेवून. प्रोव्हायडरच्या मेंटेनन्स नोटिसा यूटीसीत येतात, आपले लॉग भारतीय वेळेत असतात आणि साडेपाच तासांच्या या फरकापायी जुळणाऱ्या दोन घटना कित्येकदा जुळलेल्या दिसतच नाहीत. युरोपातली "मध्यरात्र ते सकाळी ६" ही मेंटेनन्सची वेळ हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचार ते सकाळी साडेदहा होते. सकाळी दहाला पडलेल्या लिंकचं कारण बरेचदा या नोटिशीतच असतं, फक्त ती कोणी वाचलेली नसते.

दोन्ही आलेख एकाच मिनिटाला कोसळले असतील, तर प्रोव्हायडर दोन पण वाट एक आहे. एकच लिंक पडली, दुसरी ठणठणीत होती आणि तरीही काम थांबलं, तर दोष फेलओव्हरचा. एकही लिंक "डाऊन" झाली नाही आणि तरी लोक ओरडले, तर लिंक जिवंत आहे पण गळते आहे.

काम किती वेळ बंद होतं, तोही आकडा बोलका असतो. सिस्कोवर बीजीपीचा होल्ड टाइम (गप्प झालेल्या शेजाऱ्याला मेलेला धरेपर्यंतचा वेळ) मुळात १८० सेकंदांचा, ज्युनिपरवर ९० सेकंदांचा. बंदचा काळ बरोबर तीन मिनिटांच्या आसपास येत असेल तर संशयित हाच. कोणीतरी हाताने पोर्ट बंद करेपर्यंत हाल चालू राहिले असतील तर गळती. फेलओव्हर झाला, पण बॅकअपवर असेपर्यंत काही ठराविक गोष्टीच बंद राहिल्या, तर परतीची वाट, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) किंवा मधला एखादा सदोष दुवा.

नावं दोन, चर एक

सर्वांत जास्त वेळा सापडणारं आणि सर्वांत कमी वेळा तपासलं जाणारं कारण हेच. दोन बिलं येतात म्हणून आपण दोन वाटा धरून चालतो. प्रत्यक्षात दुसऱ्या प्रोव्हायडरची त्या भागात स्वतःची फायबर नसते. तो लास्ट माइल (इमारतीपर्यंतचा शेवटचा तुकडा) तिसऱ्याकडून भाड्याने घेतो, आणि तो तिसरा कित्येकदा पहिल्याचाच पुरवठादार निघतो. तसं नसलं तरी दोन्ही केबली इमारतीत एकाच डक्टमधून शिरतात, एकाच मीट-मी रूममध्ये (प्रोव्हायडरच्या केबली जोडायच्या खोलीत) उतरतात, एकाच यूपीएसवर चालतात. मग रस्त्याच्या कामावरचा जेसीबी दोन्ही प्रोव्हायडरना एकाच घावात उडवतो.

तपासायचं तर खाली उतरा. मॅनहोलपासून रॅकपर्यंत दोन्ही केबली डोळ्यांनी पाहा, प्रवेशाच्या जागांचे फोटो काढा. इमारतीबाहेरच्या भागासाठी दोघांकडून मार्गाची केएमझेड (नकाशावर दाखवता येणारी) फाइल मागा. दोन्ही फाइली गूगल अर्थवर एकावर एक टाका आणि जिथे अंतर ५० मीटरच्या आत येतं तिथे खूण करा. दोघांचा मार्ग एकाच पुलावरून किंवा एकाच रेल्वे क्रॉसिंगखालून जात असेल तर तो लगेच दिसतो. प्रोव्हायडर केएमझेड द्यायला कुरकुर करतात. गोपनीयतेचा करार केला की बहुतेक देतात. अगदीच नाही म्हणाले तर चार गोष्टी तरी लेखी घ्या: लास्ट माइल कोणाचा, इमारतीत प्रवेश कुठून, समुद्री केबल किनाऱ्यावरच्या कोणत्या स्टेशनातून निघते आणि त्या केबलचं नाव काय. शेवटच्या दोन्हींसाठी मुख्य आणि पर्यायी अशी दोन-दोन उत्तरं हवीत.

समुद्राचा भाग तर फारच अरुंद आहे. भारतात येणाऱ्या समुद्री केबली प्रामुख्याने मुंबईत आणि चेन्नईत किनाऱ्याला लागतात, मुंबईत त्याही वर्सोव्यासारख्या मोजक्या जागी. तिथून युरोपकडे निघालेल्या जवळपास सगळ्या केबली तांबड्या समुद्रातून जातात आणि इजिप्त ओलांडून भूमध्य समुद्रात उतरतात. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ एसईए-एमई-डब्ल्यूई ४ आणि फ्लॅग या दोन केबली तुटल्या, त्याच वर्षी डिसेंबरात भूमध्य समुद्रात पुन्हा तसंच झालं, आणि दोन्ही वेळा भारताची युरोपशी होणारी वाहतूक कोलमडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात एएई-१, ईआयजी आणि सीकॉम-टीजीएन तुटल्या. तिथल्या युद्धजन्य परिस्थितीमुळे दुरुस्तीला महिने लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ एसईए-एमई-डब्ल्यूई ४ आणि आयएमईडब्ल्यूई या दोन्हींवर घाव पडला. पहिला प्रोव्हायडर यातल्या एका केबलवर, दुसरा दुसरीवर, अशी विभागणी कागदावर छान दिसते. पण दोन्ही एकाच खिंडीतून जातात. पूर्वेकडेही तेच: २६ डिसेंबर २००६ च्या तैवानच्या भूकंपाने लुझॉन सामुद्रधुनीतल्या अनेक केबली एका झटक्यात तोडल्या.

म्हणून मुंबई-युरोपसाठी दुसरी लिंक निवडताना "दुसरी केबल" एवढं पुरत नाही, दुसरी दिशा लागते. एक पश्चिमेकडून, दुसरी चेन्नईमार्गे सिंगापूर आणि तिथून पॅसिफिक, अमेरिका, अटलांटिक. दुसरी लांब आहे. पश्चिमेकडून मुंबई-फ्रँकफर्टचा आरटीटी साधारण ११० ते १३० मिलिसेकंद येतो, पूर्वेकडून जगाला वळसा घातला तर ३०० च्या वर जातो. व्हॉइस त्यावर रडेल, ईमेल आणि बॅचची कामं चालतील. काय चालवायचं आणि काय थांबवायचं, हे केबल तुटायच्या आधी ठरवून क्यूओएसमध्ये (कोणत्या वाहतुकीला आधी जागा द्यायची त्या नियमांत) लिहून ठेवलेलं बरं.

प्रोव्हायडरने दिलेल्या उत्तराची पडताळणी आरटीटीवरून करता येते. फायबरमध्ये प्रकाश किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद घेतो, म्हणजे १,००० किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. सिंगापूर मुंबईहून सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. ३९ मिलिसेकंदांच्या खाली कोणीच जाऊ शकत नाही, ५५ ते ६५ ठीक. ११५ वर स्थिर असलेली लिंक एका रात्रीत १३२ वर जाऊन तिथेच स्थिरावली, तर प्रोव्हायडरने तुमचं सर्किट दुसऱ्या मार्गावर हलवलंय, आणि तो दुसरा मार्ग कदाचित तुमच्या दुसऱ्या प्रोव्हायडरचाच आहे. विकत घेताना असलेला वेगळेपणा असाच नकळत संपतो. म्हणून प्रत्येक लिंकचा पायाभूत आरटीटी नोंदवून ठेवा, त्यात ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त कायमचा बदल झाला की अलार्म वाजू द्या, आणि मार्ग बदलण्याआधी लेखी कळवण्याची अट करारात घाला. तिमाहीला एकदा चारही उत्तरं पुन्हा मागा.

लिंक चालू, पण गळकी

केबल साफ तुटली तर उलट बरं, राउटरला कळतं. खरा छळ अर्धा-एक टक्का लॉसचा. बीजीपी चालू, बीएफडी (लिंक जिवंत आहे का ते सतत तपासणारा प्रोटोकॉल) चालू, मॉनिटरिंगच्या पडद्यावर सगळं हिरवं, आणि फ्रँकफर्टहून फाइल येता येत नाही.

याचं गणित साधं आहे. जुन्या पद्धतीच्या टीसीपीचा वेग साधारण असा निघतो: एमएसएस (एका पॅकेटमधला कमाल डेटा) भागिले आरटीटी, गुणिले १.२२, भागिले लॉसचं वर्गमूळ. एमएसएस १,४६० बाइट आणि आरटीटी १२० मिलिसेकंद धरा. हजारात एक पॅकेट हरवलं तर एका कनेक्शनला सुमारे ३.७ एमबीपीएस मिळतात. शंभरात एक हरवलं तर १.२. लिंक १ जीबीपीएसची असली तरी. तोच हजारात एकाचा लॉस २ मिलिसेकंदांच्या लोकल लिंकवर असता तर सव्वादोनशे एमबीपीएस मिळाले असते आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं. लोकल ऑफिसात चालणारं पण परदेशी मरणारं ॲप्लिकेशन दिसलं की सर्व्हरवाल्यांशी भांडण्याआधी हा हिशेब करून पाहा.

इथे बीएफडीचा उपयोग नाही. ते तुमच्या राउटरपासून प्रोव्हायडरच्या पहिल्या राउटरपर्यंतच पाहतं, त्याच्या जाळ्याच्या पोटात काय चाललंय ते त्याला दिसत नाही. त्यासाठी साइट ते साइट प्रोब (चाचणीची पॅकेट) लागतात, आयपी एसएलए किंवा ट्वॅम्प या मोजमापाच्या साधनांचे. सेकंदाला एकच प्रोब ठेवला तर तीस सेकंदांत एक हरवला की लॉस ३.३ टक्के दिसतो आणि वाहतूक विनाकारण उड्या मारते. सेकंदाला १० प्रोब ठेवा: तीस सेकंदांत ३००, त्यातले ३ हरवले तर १ टक्का, आणि एवढ्यावर निर्णय घेता येतो. प्रोबवर खऱ्या वाहतुकीचंच डीएससीपी मार्किंग (पॅकेट कोणत्या क्लासचं ते सांगणारी खूण) हवं. नाहीतर प्रोब रिकाम्या क्लासमधून सुखाने जातात आणि व्हॉइस भरलेल्या क्लासमध्ये गुदमरतो. परत येताना घाई नको: मुख्य लिंक सलग १० मिनिटं स्वच्छ दिसल्यावरच वाहतूक परतवा.

साफ तुटण्यासाठी मात्र बीएफडी हवंच. ३०० मिलिसेकंद गुणिले ३ हे माप सुरक्षित आहे, एका सेकंदाच्या आत कळतं. हौसेने ५० गुणिले ३ लावू नका. प्रोव्हायडरच्या ऑप्टिकल जाळ्याला स्वतःहून वाट बदलायला ५० मिलिसेकंद लागतात आणि थोडी ओढाताण झाली की तो सावरायच्या आतच तुमचा राउटर घाबरून बीजीपी पाडतो. प्रोव्हायडरकडे बीएफडी मिळत नसेल तर बीजीपीचा कीपअलाइव्ह (जिवंत असल्याचा निरोप) १० आणि होल्ड ३० सेकंद मागा.

गेलं एका दाराने, आलं दुसऱ्या दाराने

फेलओव्हर झाला, रूट दिसतो, राउटरवरून पिंगही जातो, पण ब्राउझर फिरतच राहतो. फ्रँकफर्टला दोन फायरवॉल आहेत, प्रत्येक प्रोव्हायडरमागे एक, आणि दोघांत सेशनची माहिती वाटली जात नाही. पुण्याचा सिन (टीसीपी कनेक्शनचं पहिलं पॅकेट) एका फायरवॉलमधून आत गेला, सिन-अॅक (त्याचं उत्तर) दुसरीतून बाहेर निघाला. दुसरीने हे संभाषण सुरू होताना पाहिलेलंच नाही, म्हणून तिने ते टाकून दिलं. खात्री करायला दोन्ही फायरवॉलवर एकाच वेळी कॅप्चर लावा, पुण्याच्या एका आयपीपुरतं. एकीवर फक्त सिन आणि दुसरीवर फक्त सिन-अॅक दिसला की तपास संपला. राउटरवर स्ट्रिक्ट यूआरपीएफ (उत्तराच्याच वाटेने आलेलं पॅकेट घेणारी तपासणी) लावलेलं असेल तर तेही हाच गोंधळ करतं. तिथे लूज ठेवा.

बाहेर जाणारी वाट आपल्या हातात असते: मुख्य लिंकला लोकल प्रेफरन्स २००, दुसरीला मुळातला १००; जास्त आकड्याची वाट आधी निवडली जाते. आत येणारी वाट दुसऱ्यांच्या हातात असते आणि बहुतेक जण तिथे एएस-पाथ (रूट ज्या जाळ्यांतून आला त्यांची यादी) प्रीपेंडवर, म्हणजे त्या यादीत आपलाच नंबर पुन्हा पुन्हा लिहून वाट लांब दाखवण्यावर, विसंबतात. प्रीपेंड तीनदा करा नाहीतर दहादा, बॅकअप प्रोव्हायडर स्वतःच्या ग्राहकाकडून आलेल्या रूटला लोकल प्रेफरन्स जास्त देतो आणि तो निकष एएस-पाथच्या आधी तपासला जातो. म्हणून त्याच्या जाळ्यातली वाहतूक त्याच लिंकवरून येत राहते. उपाय दोन. एक, त्याच्या प्रसिद्ध केलेल्या बीजीपी कम्युनिटींमधली (रूटला लावायच्या खुणांमधली) "लोकल प्रेफरन्स कमी करा" ही कम्युनिटी आपल्या रूटला लावा. तिचा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो. दोन, दोन्हीकडे /२३ (५१२ पत्त्यांचा गट) जाहीर करा आणि फक्त मुख्य प्रोव्हायडरकडे त्यातले दोन /२४. लांब प्रीफिक्स, म्हणजे पत्त्यांचा लहान गट, नेहमी जिंकतो. इंटरनेटवर /२४ पेक्षा लांब प्रीफिक्स कोणी घेत नाही, तेव्हा हातात एकच /२४ असेल तर पहिलाच उपाय उरतो.

दोन एमपीएलएस प्रोव्हायडर असतील तर आणखी एक सापळा आहे. एका प्रोव्हायडरकडून शिकलेले रूट तुमची ब्रँच दुसऱ्याला सांगते, आणि एखाद्या दिवशी सिंगापूर-फ्रँकफर्टची वाहतूक नागपूरच्या २० एमबीपीएसच्या लिंकमधून वाहू लागते. नागपूरची लिंक भरते, तक्रार मात्र सिंगापूरहून येते, त्यामुळे शोधायला दिवस जातो. प्रत्येक साइटवर बाहेर जाणाऱ्या दिशेला फिल्टर लावा: एएस-पाथ रिकामा असलेले, म्हणजे त्याच साइटवर जन्मलेले प्रीफिक्सच बाहेर जातील. आत ओएसपीएफ (स्वतःच्या जाळ्यातला रूटिंग प्रोटोकॉल) असेल तर बीजीपीतून आलेल्या रूटवर टॅग लावून तो परत बीजीपीत शिरताना अडवा, कारण ओएसपीएफमधून फिरून आलेल्या रूटचा एएस-पाथही रिकामाच दिसतो आणि तो या फिल्टरला फसवतो.

लॉगिन होतं, फाइल अडकते

एमपीएलएसवर १,५०० बाइटचं पॅकेट सरळ जातं. बॅकअपवर आयपीसेकचं वेष्टन चढलं की तेच पॅकेट मावत नाही. राउटर "तोडायला हवं" असा आयसीएमपी निरोप पाठवतो, मधली एखादी फायरवॉल सगळंच आयसीएमपी अडवत असते, आणि पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. छोटी पॅकेट जातात म्हणून लॉगिनचं पान उघडतं. अॅटॅचमेंट मात्र चढत नाही.

पिंगला "तोडू नका" हा झेंडा लावून पेलोड १,४७२ ठेवा; २८ बाइट हेडर धरून १,५०० होतात. तो गेला नाही तर १,३७२ करून पाहा. हा गेला तर टनेलचा आयपी एमटीयू १,४०० आणि टीसीपी एमएसएस १,३६० करा, दोन्ही टोकांना. एमएसएसचा उपाय फक्त टीसीपीला लागू होतो. रेडियसवरून (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवरून) सर्टिफिकेटसह होणारं वाय-फायचं लॉगिन यूडीपीवर चालतं आणि सर्टिफिकेट मोठी असली तर बॅकअपवर अडकतं. त्यासाठी रेडियस सर्व्हरवर ईएपीच्या (लॉगिनच्या संदेशांच्या) तुकड्याचा आकार कमी करावा लागतो.

काहींचं चालतं, काहींचं नाही

एकाच ऑफिसात शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाचं चालतं, दुसऱ्याचं नाही, आणि पुन्हा जोडलं की कधी चालतं कधी नाही. बहुधा प्रोव्हायडरच्या चार दुव्यांच्या बंडलपैकी एक खराब आहे. कोणतं कनेक्शन कोणत्या दुव्यावर जाईल हे आयपी आणि पोर्टच्या हॅशवर (त्यांच्यावरून काढलेल्या आकड्यावर) ठरतं, म्हणून साधारण पावभर कनेक्शनं मरतात आणि पिंग निर्धास्त जातो. एकाच गंतव्याकडे ३२ वेगवेगळ्या सोर्स पोर्टवरून टीसीपी प्रोब पाठवा आणि मरणाऱ्या पोर्टची यादी तिकिटात घाला. "तुमची लिंक आमच्याकडून ठीक दिसते" हे उत्तर मग येत नाही. तिकिटात सर्किट आयडी, यूटीसी वेळ आणि दोन्ही दिशांचा एमटीआरही (वाटेतल्या टप्प्याटप्प्याचा लॉस दाखवणारा अहवाल) हवा. फक्त पुण्याकडून काढलेल्यात परतीची वाट दिसत नाही.

क्षमतेचा हिशेब थोडक्यात: ५०० एमबीपीएसच्या दोन लिंक, दोन्हींवर ३००-३०० चालू. एक पडली की ६०० ला ५०० मध्ये बसायचंय. दोन्हींच्या ९५ व्या पर्सेंटाइलची (९५ टक्के वेळ वापर ज्याच्या आत राहतो त्या आकड्याची) बेरीज लहान लिंकच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवा, किंवा बॅकअपवर काय अडवायचं ते ठरवा.

चाचणी केबल उपटून नको

केबल उपटली की पोर्ट लगेच पडतो आणि फेलओव्हर सुंदर होतो, म्हणून अशा चाचण्या नेहमी पास होतात. खरा बिघाड प्रोव्हायडरच्या पोटात होतो, तेव्हा पोर्ट चालूच असतो. तसाच घडवून आणायचा तर प्रोव्हायडरकडच्या इंटरफेसवर आत येणाऱ्या दिशेला ॲक्सेस लिस्ट (काय जाऊ द्यायचं त्याची यादी) लावा: टीसीपी १७९ (बीजीपी) आणि यूडीपी ३७८४ (बीएफडी) जाऊ द्या, बाकी सगळं टाका. बीजीपी आणि बीएफडी जिवंत राहतील, वाहतूक मरेल, आणि तुमचे प्रोब खरोखर निर्णय घेतात का ते कळेल. ईआरपीचं चालू सेशन, एक कॉल आणि १०० एमबीची फाइल असं तिन्ही आधी सुरू ठेवा, आणि तिन्ही किती सेकंद थांबली ते लिहून घ्या.

हे करण्याआधी राउटरपर्यंत तिसरी वाट हवी, साधा ४जी राउटर कन्सोलला जोडलेला पुरतो. शिवाय बदल दहा मिनिटांत आपोआप मागे जाईल असा टायमर लावा. ज्युनिपरवर "कमिट कन्फर्म्ड १०" हेच करतं. टायमर न लावता फ्रँकफर्टच्या राउटरवर ॲक्सेस लिस्ट टाकली आणि ती आपल्याच एसएसएचवर (दुरून राउटरवर शिरायच्या जोडणीवर) बसली, तर तिथे रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि रॅकजवळ कोणीही नसतं.